एका इंचातले निळे ठिपके

मुनीरचाचा,

परवा कंपनीच्या बसमध्ये माझा डोळा लागला. क्रांती चौकात चढले तेव्हा चांगली जागी होते. वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर खिडकीतलं ऊन मांडीवर येऊन बसलं, माणसांची बडबड लांब लांब गेली आणि सगळं पाण्याखाली असल्यासारखं मऊ झालं. तुम्ही शेजारच्या सीटवर होता. बाहीचं बटण तुटलेलं, उजव्या हाताचा अंगठा निळा. तुम्ही काही बोलत नव्हता. मीच बोलत होते, नेहमीसारखी, तक्ते आणि तारखा. तुम्ही मान हलवत होता, म्हणजे तुम्हाला पटलेलं नव्हतं. गेटपाशी बस थांबली तेव्हा शेजारी पेंट शॉपमधल्या मावशी घोरत होत्या. मी उतरले, कार्ड लावलं, आणि मग कुठं आठवलं की तुम्हाला जाऊन नऊ दिवस झाले.

पुरुष माणसं तुम्हाला घेऊन निघाली तेव्हा मी नवाबपुऱ्यातल्या तुमच्या घरात, आतल्या खोलीत बायकांबरोबर होते. चाचींनी माझा हात धरून ठेवला होता. जो तो म्हणत होता, फार भला माणूस गेला. भले तर तुम्ही होताच. पण तुम्ही काय करत होता हे त्या घरात एकालाही नीट सांगता आलं नाही. ‘कंपनीत होते, मशीनवर,’ एवढंच. मला तिथंच सांगावंसं वाटत होतं की हा माणूस हातानं लोखंड सपाट करायचा, मशीनला जमत नाही इतकं सपाट. बोलायचं राहून गेलं, म्हणून आता लिहिते आहे.

मी लासूर स्टेशनची, कांद्याच्या वखारीशेजारी वाढलेली. डिप्लोमा करून कंपनीत आले तेव्हा मला वाटायचं, मशीननं घासलं की लोखंड सपाट झालं, विषय संपला. तुम्ही मला पहिल्यांदा पाटीजवळ उभं केलंत. सपाटी तपासायची मोठी लोखंडी पाटी, तिच्यावर तेलकट निळ्या रंगाचा पातळ हात फिरवलेला. मशीनवरून घासून आलेला लोखंडाचा तुकडा तुम्ही त्या पाटीवर पालथा घालून दोनदा सरकवला आणि उलटा केला. चकचकीत सपाट दिसणाऱ्या त्या तुकड्यावर फक्त तीन जागी निळं लागलं होतं.

‘बघ,’ तुम्ही म्हणालात, ‘एवढाच टेकला. बाकी सगळा हवेत हाय.’

मग तुम्ही लांब दांड्याचा, धारदार पात्याचा स्क्रेपर घेतलात, कंबरेला टेकवलात आणि ते तीन उंचवटे खर्रकन खरवडून काढलेत. पुसलं, पुन्हा निळं, पुन्हा सरकवलं. आता सात. पुन्हा. अकरा. दुपारपर्यंत त्या तुकड्यावर निळ्या ठिपक्यांची बारीक नक्षी उठली होती, म्हणजे तितक्या जागी तो आता टेकत होता. तुम्ही खिशातून लग्नपत्रिकेचा तुकडा काढलात. त्याला बरोबर एक इंचाची चौकोनी खिडकी कापलेली होती. पत्रिका तुमच्या मुलीच्या लग्नाची, आणि खिडकी नेमकी नवरदेवाच्या नावावर पडली होती. जावयांसमोर ती तुम्ही कधीच बाहेर काढली नाहीत. खिडकी ठेवून तुम्ही मला मोजायला लावलंत. तेवीस निघाले.

‘एका इंचात वीस झाले की हात तयार,’ तुम्ही म्हणालात. ‘त्याच्या खाली सगळे शिकाऊच.’

पुढं मी ट्रेनिंग विभागात गेले आणि तुमच्यामाझ्यात भांडण सुरू झालं. ते शेवटपर्यंत मिटलं नाही.

भांडण त्या तक्त्याचं. शॉपच्या दाराशी मी तो लावला. प्रत्येक कामगाराच्या नावापुढं प्रत्येक कामासाठी एक गोल, गोलाचे चार भाग. काम पाहिलं असेल तर एक भाग भरायचा, कुणाच्या देखरेखीखाली केलं तर दोन, एकट्यानं जमलं तर तीन. चौथा भाग तेव्हाच, जेव्हा त्यानं शिकवलेले दोन जण एकट्यानं ते काम करायला लागतील आणि कंपनीत टिकलेले असतील. हे शेवटचं कलम माझं होतं. मला त्याचा अभिमान होता, कारण नुसतं ‘येतं मला’ म्हणणारे शॉपमध्ये ढिगानं होते.

‘चाचा, मोजता येत नाही ते ध्येय नसतं, ती नुसती इच्छा असते,’ असं मी ऐटीत म्हणायचे.

‘मोज की. मी कधी नाय म्हटलं?’ तुम्ही म्हणायचात. ‘पण तू माणसं मोजायली. मी लोखंड मोजतो. लोखंड रुसत नाय.’

तुमच्या हाताखालून सहा जण शिकून गेले होते. एकाचं क्रांती चौकात मोबाईलचं दुकान निघालं, दोघं पुण्याला गेले, एक दुबईला, एक पिशोरला शेतीत परत गेला, आणि सहाव्यानं तर वीस ठिपके काढले त्याच आठवड्यात राजीनामा दिला. तुम्ही त्याला पेढे दिलेत. मी चिडले होते. तुम्ही म्हणालात, ‘हात तयार झाला की पाय फुटणारच बेटा. बांधून ठेवू काय?’

तुमच्या निवृत्तीच्या दिवशी शॉपमधल्या सगळ्यात पक्क्या हाताचा, म्हणजे तुमचा, गोल तीन भागांवर थांबलेला होता. मॅनेजर मला बाजूला घेऊन म्हणाले, भरून टाका, माणूस आज जातोय. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. तुम्ही तिथंच हार गळ्यात घालून उभे होता. तुम्ही ऐकलंत, हसलात आणि म्हणालात, ‘म्याडमचं बरोबर हाय. नगं भरू.’ तुमच्या हसण्यावर माझा विश्वास बसला. तेव्हा मला ते सोयीचंही होतं, हे आज कबूल करते.

त्यानंतरच्या रविवारी मी तुमच्या घरी आले. दारात उभी राहून म्हटलं, चाचा, मला शिकवा. तुम्हाला वाटलं मी मनाला लावून घेतलंय, आणि ते खरंही होतं. पण दुसरं कारणही होतं. मी शॉपभर लोकांच्या हाताचे आकडे लिहीत फिरत होते आणि माझ्या स्वतःच्या हाताला एकही आकडा नव्हता. चाची आतून म्हणाल्या, ‘आने दो ना, चाय तो पीने दो उसको पहले.’

ते रविवार आता आठवताना एकात एक मिसळून जातात. वरच्या खोलीतला हिरवा पडदा, त्यातून येणारा पाण्यातल्यासारखा उजेड, खाली गल्लीत कुणीतरी भंगारवाला ओरडत जातोय, आल्याच्या चहाचा वास, आणि टेबलावर जुन्या बाजारातून आणलेली तुमची छोटी पाटी. तुम्ही खुर्चीत डोळे मिटून बसायचात आणि माझ्या स्क्रेपरचा आवाज ऐकायचात. ‘खोल चालला,’ म्हणायचात, डोळे न उघडता. ‘आता बराबर.’ तासन्‌तास निळं लावायचं, खरवडायचं, पुसायचं. त्या खोलीत वेळ कसा जायचा हे मला कधी कळलं नाही. घरी जाताना डोळे मिटले तरी ठिपके दिसायचे, छोटे छोटे, एकमेकांना न चिकटता तरंगणारे.

मी अर्थातच लक्ष्य ठरवलं. महिन्याला दोन ठिपके. चारापासून सुरुवात, वर्षाअखेर वीसच्या पुढं. वहीत तारखा घातल्या. तुम्ही वही पाहिलीत आणि म्हणालात, ‘झाक हाय. आता निळं कमी लाव.’

सहाव्या महिन्यात मी आठावर अडकले होते. वहीप्रमाणं चौदा हवे होते. एका रविवारी मी आले, काम केलं, सरकवलं आणि मोजले तर चक्क चौदा. मी वही काढली. तुम्ही खुर्चीतून उठलात, तुकड्यावर अंगठा फिरवलात आणि तुमचा अंगठा पार निळा झाला.

‘किती लावलं?’

मी वही मिटली.

‘जाड लावलं की निळं खोटं बोलतंय. जिथं टेकलं नाय तिथंबी लागतंय. पाटी पूस आणि पातळ लाव.’

पातळ लावल्यावर सात निघाले. आधीच्यापेक्षा एक कमी. मी मुद्दाम जाड लावलं नव्हतं चाचा, हे तुम्हाला तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते. पण हात कुणीकडं झुकतो ते मनाला ठाऊक असतं. तुम्ही रागावला नाहीत. फक्त माझ्या वहीतला चौदा खोडलात आणि सात लिहिलंत, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. त्या दिवशी मी घरी जाताना रिक्षात रडले. रडू सातचं नव्हतं. तुम्ही कितीही माया केलीत तरी आकड्यात दयामाया करणार नाही हे मला कळलं होतं, आणि त्यानं फार सुरक्षित वाटलं होतं.

दुसरी गोष्ट तुम्ही शिकवलीत ती आज कंपनीत माझ्या नावावर चालते. भाचीच्या लग्नासाठी मी तीन आठवडे लासूरला होते. परत आले तेव्हा बाराचे नऊ झाले होते. मी म्हटलं, आजचा आकडा लिहायला नको, हात बसला नाही. तुम्ही म्हणालात, ‘आजचाच लिही. सरावातला आकडा पाहुणा असतोय. सुट्टीनंतर जो येतो तो घरचा.’ मी तेच उचललं. आता आम्ही शिकाऊ पोरांची परीक्षा शिकवल्याबरोबर घेत नाही. दोन महिने दुसऱ्या कामावर ठेवतो आणि मग एके सकाळी न सांगता घेतो. पोरं मला शिव्या घालतात. तक्त्यातले कितीतरी भरलेले भाग पुन्हा कोरे झाले. पण आता त्या तक्त्यावर माझा विश्वास आहे.

मी सोळापर्यंत पोचले. तिथपर्यंत दोन वर्षं गेली, वहीतलं वेळापत्रक केव्हाच धुळीला मिळालं. आणि मग तुमचे डोळे गेले.

शुगरचा त्रास जुना होता, तुम्ही तो कधी मोजला नाहीत. सगळं आयुष्य ठिपके मोजले आणि रक्ताचा एक आकडा पाहायचा कंटाळा केलात. यावरूनही मी भांडले आहे, आणि ते भांडण मी जिंकले तरी काही उपयोग झाला नाही.

तुम्ही निवृत्तीनंतरही रोज सकाळी, नमाज आणि चहा झाला की, एक चौरस इंच करायचात. रोज एकच. हात राहावा म्हणून. डोळे धूसर झाल्यावरही सोडलं नाहीत. ‘सगळं निळंच दिसायलंय,’ म्हणायचात, ‘सकाळी धुई पडल्यावानी.’ बोटांनी चाचपून, आवाजावरून, आठवणीवरून खरवडायचात. मोजायला मात्र माणूस लागायचा, म्हणून रविवारचं मोजणं माझ्याकडं आलं. एकोणीस, मी सांगायचे. सतरा. चौदा. तुम्ही ओठ दाबायचात, ‘हं’ म्हणायचात, आणि पाटी पुसायला सांगायचात.

आणि मग तो रविवार. चाची चहा ठेवून खाली गेल्या होत्या. तुम्ही खूप वेळ काम करत होता, कपाळावर घाम होता. मी पत्रिकेची खिडकी ठेवली. नऊ होते. पुन्हा मोजले. नऊच. त्यातले दोन तर एकमेकांना चिकटलेले. तुम्ही माझ्याकडं तोंड करून बसला होता, पण नजर माझ्या खांद्याच्या जरा वर होती, तिथं मी नव्हते. आणि तुमच्या चेहऱ्यावर इतकं वाट पाहणं होतं की मी म्हटलं, ‘वीस, चाचा.’

‘वीस?’

‘हो. बरोबर वीस.’

‘वा,’ तुम्ही हसून म्हणालात. स्क्रेपर पुसलात, फडक्यात गुंडाळलात आणि टेबलाच्या खणात ठेवलात. मग आपण चहा प्यायलो. तुम्ही माझ्या आईची चौकशी केलीत. त्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर खूश होते. वाटत होतं, तो चौथा भाग भरला नाही, त्याची आज थोडी तरी भरपाई झाली.

पुढच्या रविवारी तुम्ही म्हणालात, आज हात दुखतोय. त्याच्या पुढच्या रविवारीही हात दुखत होता. मग दवाखाना, मग घर, मग पुन्हा दवाखाना. मला वाटलं, आजारानं हात थांबवला. मीही थांबले. दोन महिने स्क्रेपरला शिवले नाही, तुमच्या खाटेशी बसून नुसत्या गप्पा मारल्या. तुम्ही हसायचात, विचारायचात, शॉपात कोण नवीन आलं. ठिपक्यांबद्दल तुम्ही एकदाही बोलला नाहीत. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

काल मी चाचींकडं गेले होते. तिसऱ्या दिवसाची जियारत होऊन गेलीय, पाहुणे पांगलेत, घर एकदम मोठं झालंय. चाची तांदूळ निवडत होत्या. मी शेजारी बसून हात लावला. मग त्या सहज बोलाव्यात तशा बोलल्या, खाली मान घालून, खडे काढत.

‘तेरे कू एक बात बोलूं? वो बीस वाले दिन से इनो औजार कू हात नहीं लगाए. मैं पूछी, क्या हुआ जी? तो बोले, पिछले इतवार चौदा थे. एक हफ्ते में बीस किसके होते? शुभांगी भी अब मेरा दिल रखने लगी. मतलब मेरा काम खतम.’

माझ्या हातातले तांदूळ ताटात पडले.

एका आठवड्यात सहा ठिपके वाढत नाहीत. हे कुणालाही कळेल. मी तर ट्रेनिंगवाली, महिन्याला दोन हे वेळापत्रक माझं स्वतःचं, आणि तेही मला जमलं नव्हतं. मग ज्या माणसानं चाळीस वर्षं दुसरं काही मोजलं नाही त्याला ते कळणार नाही असं मला का वाटलं? तुम्हाला चौदाचं दुःख नव्हतं चाचा. नऊचंही झालं नसतं. तुम्ही ‘हं’ म्हणाला असता आणि पाटी पुसायला सांगितली असती. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक इंच केला असता. आठ आले असते, सहा आले असते, पण सकाळी करायला काम राहिलं असतं. खरा आकडा सांगणारं माणूस तुमच्याजवळ एकच होतं, आणि त्यानं जाड निळं लावलं.

जिथं माया करायची तिथं मी नियम दाखवला, आणि जिथं खरं सांगायचं तिथं माया केली. दोन्ही वेळा तुम्ही हसलात आणि मी ते हसणं खरं धरलं. मला माफ करा. हे तुमच्यासमोर म्हणायचं होतं. खाटेशी बसून दोन महिने मिळाले होते आणि मी बसच्या वेळा आणि नव्या मॅनेजरचे किस्से सांगत बसले.

मी चाचींना सांगितलं की खोटं मीच बोलले होते, नऊ होते. त्या म्हणाल्या, ‘मालूम है बेटा. उनकू नौ भी मालूम थे. उंगली से गिन लिए थे.’ आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग उठल्या, वरच्या खोलीत घेऊन गेल्या, आणि टेबलाचा खण उघडला. म्हणाल्या, घेऊन जा, इथं कोण वापरणार.

मी म्हटलं, आधी इथं एकदा करून बघते.

पडद्याचा तोच पाण्यातल्यासारखा उजेड होता. निळ्याच्या डबीवर साय धरली होती, ती बाजूला केली. पातळ लावलं, इतकं पातळ की पाटी जेमतेम निळसर वाटावी. स्क्रेपर कंबरेला टेकवला तेव्हा पहिले दोन हात वाकडे गेले. मग जरा आवाज लागला. मधे एकदा मी अगदी सवयीनं खुर्चीकडं पाहिलं, तुम्ही ‘खोल चालला’ म्हणाल म्हणून. किती वेळ गेला कळलं नाही. खाली कुणीतरी दार वाजवून निघून गेलं, चाची गेल्या नाहीत. त्या तुमच्या खुर्चीत न बसता पलंगाच्या कडेवर बसून राहिल्या.

झाल्यावर मी त्यांनाच म्हटलं, तुम्ही मोजा.

‘मैं?’ त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं तुमच्या शर्टाची निळी बाही धुतली, पण ठिपके कधी मोजले नव्हते. चष्मा लावला, लग्नपत्रिकेची खिडकी लोखंडावर ठेवली, आणि सुईनं एकेक ठिपका दाखवत, ओठांत पुटपुटत मोजू लागल्या. एकदा चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मी भिंतीकडं पाहत उभी होते. सोळाचं काय उरलंय ते मला हातातच कळलं होतं.

‘ग्यारा,’ चाची म्हणाल्या. मग मान वर करून चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. ‘ग्यारा है बेटा. बारा बोलूं क्या?’

‘नको चाची,’ मी म्हटलं, ‘अकराच बोला.’ आणि पाटी पुसायला घेतली.